कलेला जात नसते? : ड्यूक एलिंग्टनचे धडे

‘कलेला जात नसते’ हे वाक्य मराठी साहित्यव्यवहारात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी ऐकवले याची नोंद ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नाही. दलित लेखक लिहू लागला तेव्हा ते त्याला ऐकवले गेले. त्याने आपल्या लेखनाला ‘दलित साहित्य’ असे नाव दिले तेव्हा तर ते बजावून सांगण्यात आले. ज्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओसरीवर वाढली त्यांनी ते स्वतःला कधी ऐकवल्याचे मात्र दिसत नाही. याच वाक्याचा एक अमेरिकन अवतार अलीकडे आमच्या वर्गात येऊ लागला आहे. तो पुस्तकातून येत नाही. तो मोबाइलच्या पडद्यावरून येतो आणि एका थोर कृष्णवर्णीय संगीतकाराचे नाव घेऊन येतो. म्हणूनच त्याची तपासणी करणे भाग आहे.

हा संगीतकार म्हणजे एडवर्ड केनेडी उर्फ ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४). सुमारे पन्नास वर्षे त्यांनी एक वाद्यवृंद चालवला आणि हजारावर रचना केल्या. जॅझ या कृष्णवर्णीयांच्या संगीताला त्यांनी जी रचनेची उंची दिली तिच्याबद्दल आज अमेरिकेत दुमत नाही. आपल्याकडच्या इंग्रजी विभागांत कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य शिकवले जाते, त्यात लँग्स्टन ह्यूज असतातच. ह्यूज यांचा ‘द वेअरी ब्लूज’ हा संग्रह १९२६ चा. ज्याने ब्लूज कधी ऐकलेलेच नाही त्याला तो संग्रह अर्धाच वाचता येतो, हे शिकवताना पहिल्याच तासाला कळते. तेव्हा संगीताकडे वळावेच लागते, आणि संगीताकडे वळले की एलिंग्टन टाळता येत नाहीत.

आपल्या चळवळीने काळ्यांचे साहित्य मोठ्या आस्थेने मराठीत आणले. १९७२ साली ‘दलित पँथर’ने नावच तिकडून घेतले. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्या पिढीने कविता वाचली, आत्मचरित्रे वाचली, भाषणे वाचली. संगीत मात्र तिकडेच राहिले. ज्या तबकड्यांवर ते होते त्या आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचण्यासारख्या नव्हत्या, आणि छापील कागदावर सूर उमटत नाहीत. ही उणीव आता भरून काढता येते. हे इंटरनेटचे उपकार मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. स्मिथसोनियन संस्थेने १९८८ साली एलिंग्टन यांचा कागदपत्रांचा आणि हस्तलिखित स्वरलेखनाचा प्रचंड संग्रह मिळवला. त्याची माहिती आज कोणालाही घरबसल्या पाहता येते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने विल्यम गॉटलिब यांची १९३८ ते १९४८ या काळातली सोळाशेवर छायाचित्रे खुली केली आहेत. त्यांत आरशात दिसणारे एलिंग्टन आहेत. न्यूयॉर्कचे ‘जॅझ अॅट लिंकन सेंटर’ १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शाळांच्या वाद्यवृंदांना एलिंग्टन यांच्या रचनांचे स्वरलेखन विनामूल्य देत आले आहे, आणि त्या शाळकरी मुलांचे वादन यूट्यूबवर ऐकता येते. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात वाद्य म्हणून फक्त राष्ट्रगीताचा भोंगा आहे, तिथे हे सारे एका डेटा पॅकवर उपलब्ध व्हावे ही लहान गोष्ट नाही.

पण कच्चा माल आणि धडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्चा माल उत्तम आहे. धडे तसे नाहीत. शाळा-महाविद्यालयांसाठी तयार केलेले जे धडे, ज्या चित्रफिती, ज्या प्रश्नावल्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचा सांगाडा एकच आहे. वॉशिंग्टन शहरातल्या एका बटलरचा मुलगा. सुसंस्कृत आई. घरात पियानो. ऐटबाज कपड्यांमुळे मित्रांनी दिलेले ‘ड्यूक’ हे नाव. मग हार्लेम, मग कीर्ती, मग जगभरचे दौरे. शेवटी १९६९ साली, सत्तराव्या वाढदिवशी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हस्ते व्हाइट हाउसमध्ये सर्वोच्च नागरी पदक. ज्या व्हाइट हाउसमध्ये त्यांचे वडील कधीकाळी मेजवानीच्या वाढपाला जात, त्याच व्हाइट हाउसमध्ये! विद्यार्थ्याने टाळ्या वाजवाव्यात अशी ही मांडणी आहे. त्यानंतर ‘टेक द ए ट्रेन’ ऐकायचे, ठेका मोजायचा, कोणते वाद्य कधी वाजते ते ओळखायचे, आणि धडा संपतो.

या सांगाड्यावर जो मथळा चढवतात तो ‘वर्गवारीपलीकडचा’ हा. हे शब्द मूळचे एलिंग्टन यांचेच. एखाद्या कलावंताची परमावधीची स्तुती करायची असली की ते असे म्हणत. १९९३ साली त्यांच्या एका गाजलेल्या चरित्राला आणि फिरत्या प्रदर्शनालाही हेच नाव मिळाले. एलिंग्टन ‘जॅझ’ या शब्दावर नाराज असत, हेही खरे. पण का नाराज असत? १९३१ साली एका ब्रिटिश मासिकात त्यांनी आपल्या वंशाच्या संगीताबद्दल लिहिले आणि त्या वंशाचा इतिहास स्वरांत मांडण्याचा मनोदय जाहीर केला. आपण लिहितो ते आपल्या लोकांचे संगीत आहे, असे ते पुढेही अनेकदा सांगत राहिले. म्हणजे त्यांना जी वर्गवारी नको होती ती बाजाराने लावलेली चिठ्ठी होती. ‘आपले लोक’ ही वर्गवारी त्यांनी कधी नाकारली नाही. धड्यांनी मात्र पहिलीबरोबर दुसरीही पुसून टाकली. ह्यूज यांनी १९२६ सालीच आपल्या प्रसिद्ध निबंधात याचा समाचार घेतला होता. ‘मला निग्रो कवी नको, नुसता कवी म्हणा’ अशा आशयाचे बोलणाऱ्या तरुण कवीच्या मनात त्यांना गोरे होण्याची इच्छा दिसली होती. तो निबंध आणि हा धडा शेजारी शेजारी ठेवले की विद्यार्थ्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही.

आता ‘कॉटन क्लब’ घ्या. ४ डिसेंबर १९२७ पासून १९३१ पर्यंत एलिंग्टन यांचा वाद्यवृंद हार्लेममधल्या या क्लबात वाजत होता, आणि तिथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणामुळे ते देशभर माहीत झाले. धड्यात हे येते. ‘सुवर्णसंधी’ म्हणून येते. क्लबाचे नावच कापसाचे. सजावट दक्षिणेतल्या मळेवाल्याच्या वाड्याची. मालक गुंडांच्या टोळीतला. रंगमंचावर सारे काळे. त्यातही नाचणाऱ्या मुली मात्र फिकट वर्णाच्याच निवडलेल्या. आणि समोर बसणारे गोरे. काही नामवंतांचा अपवाद सोडला तर हार्लेमच्या काळ्या माणसाला हार्लेममधल्या त्या क्लबात गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. एवढे सांगितल्यावर वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, म्हणजे वाजवायला चालतो, बसायला चालत नाही?” ज्यांच्या आजोबांनी लग्नाच्या मांडवाबाहेर उभे राहून वाजवले आणि पंगत उठल्यावर जेवले, त्यांना हा प्रश्न सुचायला समाजशास्त्राचे पुस्तक लागत नाही. अमेरिकन धड्याच्या प्रश्नावलीत तो नाही.

त्या गोऱ्या गिऱ्हाइकांना जंगल पाहिजे होते. आफ्रिकेतले, रानटी, नाचरे जंगल. एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाच्या काही तबकड्या तर ‘जंगल बँड’ या नावानेच निघाल्या. आणि इथेच या माणसाचे खरे कर्तृत्व सुरू होते, ते नीट ऐकले पाहिजे. बबर मायली हा ट्रम्पेटवादक आणि ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन हा ट्रॉम्बोनवादक यांनी आपल्या वाद्यांतून गुरगुरणारा, रडणारा, माणसासारखा बोलणारा आवाज काढला. तो काढण्याचे साधन कोणते? मोरी तुंबली की ती मोकळी करायला लाकडी दांड्याचा जो रबरी पेला वापरतात, तो. दांडा काढून टाकायचा आणि पेला वाद्याच्या तोंडावर धरून उघडझाप करायची. प्लंबरच्या दुकानात मिळणारी ही वस्तू जगाच्या संगीतातले एक अभिजात साधन झाली. कोणाच्या हातात कोणते हत्यार जन्मतःच दिले जाते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी या पेल्याकडे जरा थांबून पाहावे. धड्यात त्याची नोंद ‘गमतीदार तथ्य’ या चौकटीत असते.

१९२७ सालचे ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ वर्गात वाजवावे. सव्वातीन मिनिटांच्या आतबाहेरची रचना आहे. आरंभीची धून एका चर्चगीताची आहे, पण ती मायलीने उदास करून टाकली आहे. काळे-गोरे जिथे एकत्र येत अशा क्लबांना ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणत. त्या मौजेच्या नावाखाली रचना चालते आणि संपते ती शोपँच्या अंत्ययात्रेच्या सुरावर! जंगल ऐकायला आलेल्यांना त्यांनी मयत ऐकवली. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या असतील. ते सोडून द्या. आपल्याकडे भीमराव कर्डक यांच्या जलशाने तमाशाचा साचा उचलला, गण-गौळणीच्या जागी नवा आशय भरला आणि करमणुकीला जमलेल्या माणसांपुढे अस्पृश्यतेचा प्रश्न उभा केला. फरक आहे, आणि मोठा आहे. जलशापुढे बसलेले आपलेच लोक होते. एलिंग्टन यांना तो आधार नव्हता. त्यामुळे त्यांचे बोलणे झाकलेले राहिले. पण लादलेला साचा आतून फिरवण्याची रीत तीच.

माझ्या मते वर्गासाठी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे १९३५ सालचा ‘सिम्फनी इन ब्लॅक’ हा नऊ-दहा मिनिटांचा बोलपट. यूट्यूबवर आहे, संवाद नाहीत, त्यामुळे इंग्रजीची भीती असलेल्या मुलांनाही तो अडवत नाही. मोबाइलच्या पडद्यावरही नीट दिसतो. त्याचे चार भाग आहेत. पहिल्यात काळे कामगार भट्टीत कोळसा लोटताहेत, ओझी वाहताहेत, आणि वाद्यवृंद त्यांच्या फावड्याच्या लयीत वाजतो आहे. दुसऱ्यात प्रेमाचा त्रिकोण; त्यात अवघ्या एकोणीस वर्षांची बिली हॉलिडे गाते. तिसऱ्यात चर्चमधले शोकगीत. चौथ्यात हार्लेमच्या नाइट क्लबातला झगमगता नाच. विद्यार्थ्यांना मी फक्त क्रम लिहून काढायला सांगतो: श्रम, शृंगार, शोक, नाच. मग विचारतो, हा क्रम कोणाच्या सोयीचा? त्याच वर्षी छापून आलेल्या एका मुलाखतीत एलिंग्टन यांनी म्हटले होते की ते शोकगीत एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूचे आहे, त्यात त्या मृत्यूमागच्या परिस्थितीचे सारे दुःख आहे, ते शेवटी यायला हवे होते; पण तसे करणे धंद्याला परवडणारे नव्हते. म्हणजे रचनाकाराच्या मनात शेवट मुलाच्या मयतीवर होता, निर्मात्यांनी तो नाचावर आणला. प्रेक्षक हसत घरी गेला पाहिजे! दलित लेखकाच्या कथेचा शेवट ‘जरा आशादायी’ करायला सांगणारे संपादक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पॅरामाउंट कंपनीचा हा व्यवहार परका वाटणार नाही.

ज्या रचनेसाठी एलिंग्टन यांनी बारा वर्षे मनात तयारी केली ती ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’. २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती सादर झाली. सुमारे पाऊण तासाची. पहिल्या भागात गुलामाचे श्रमगीत आणि रविवारची प्रार्थना, दुसऱ्यात लढायांत सांडलेले काळे रक्त, मुक्तीचा आनंद आणि मग ब्लूज, तिसऱ्यात हार्लेम. नावातच वर्ण फिकट होत जातो, आणि तो का होत जातो हे सांगायला दक्षिणेतल्या मळ्यांचा इतिहास पुरेसा आहे. या रचनेमागे त्यांनी एक दीर्घ संहिताही लिहिली होती. बूला नावाच्या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाची ती कहाणी आहे. तिच्यात गुलामीबद्दल अतिशय कडवट मजकूर आहे. ती त्या रात्री वाचली गेली नाही. शब्द पेटीत राहिले, सूर सभागृहात गेले.

आणि समीक्षकांनी काय केले? पॉल बोल्स यांनी ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये रचनेला आकार नाही असा निवाडा दिला आणि जॅझला गंभीर संगीताशी जोडण्याचा खटाटोपच नको असे सुचवले. दुसरीकडे जॉन हॅमंड, जे काळ्या संगीताचे पुरस्कर्ते आणि वर्णद्वेषाचे विरोधक म्हणून ख्यात होते, त्यांनी ड्यूक जॅझला सोडून चालला काय, असा प्रश्न टाकला. एकाने सांगितले, ही कला नव्हे. दुसऱ्याने सांगितले, तुझी ती नाचाची कलाच बरी होती, तीच कर. शत्रू आणि मित्र असे दोघे दोन दारांत उभे, आणि मधली खोली बंद. आमच्या लेखकांना हे दोन्ही आवाज परिचयाचे आहेत. एक म्हणतो, तुमच्या लेखनात वेदना आहे पण कलात्मकता नाही. दुसरा मोठ्या प्रेमाने म्हणतो, तुम्ही आत्मकथनच लिहा, त्यातच तुमचे अस्सल काय ते आहे. कादंबरी, नाटक, समीक्षा यांच्या फंदात कशाला पडता? मला या दुसऱ्याची अधिक धास्ती वाटते.

त्या टीकेनंतर एलिंग्टन यांनी ही रचना संपूर्ण स्वरूपात जवळजवळ वाजवलीच नाही, तुकडे वाजवले. १९५८ साली त्यातली प्रार्थना महालिया जॅक्सन यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली. पहिल्या रात्रीचे ध्वनिमुद्रण तबकडीच्या रूपात लोकांपुढे आले ते १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आज ते आपल्याला ऐकता येते. तरी धडे ‘टेक द ए ट्रेन’च वाजवतात, कारण ती रचना तीन मिनिटांत संपते आणि कोणाला अस्वस्थ करत नाही.

शिवाय ती एलिंग्टन यांची नाहीच. ती बिली स्ट्रेहॉर्न यांची. १९४१ साली रेडिओ कंपन्यांचा आणि रचनाकारांच्या संघटनेचा मानधनावरून तंटा झाला, संघटनेच्या सभासदांची गाणी रेडिओवर बंद झाली, एलिंग्टन सभासद असल्याने त्यांचीही झाली. तेव्हा सभासद नसलेल्या तरुण स्ट्रेहॉर्नची रचना वाद्यवृंदाची ओळख बनली. पिट्सबर्गच्या मजूर बापाचा हा मुलगा औषधांच्या दुकानात काम करून संगीत शिकला. तो समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता; त्या काळात याची किंमत म्हणजे सावलीत राहणे. एलिंग्टन यांनी त्याला जपले, सांभाळले, आणि त्याच्या कितीतरी कामावर नाव मात्र एलिंग्टन यांचे लागले. १९६७ साली तो वारला. त्याचे स्वतंत्र चरित्र यायला १९९६ साल उजाडले.

नावांचा हा हिशेब खाली-वर दोन्हीकडे आहे. १९२६ ते १९३९ या काळात व्यवस्थापक असलेल्या आयर्व्हिंग मिल्स या गोऱ्या गृहस्थांचे नाव अनेक रचनांवर सहरचनाकार म्हणून आहे. त्यांनी दारे उघडून दिली हे खरे. दाराचे भाडेही पुरेपूर घेतले. ‘कॅरव्हान’ ही जगप्रसिद्ध धून पोर्तो रिकोच्या हुआन टिझोल यांची. त्यांनी हक्क २५ डॉलरला विकले. ‘मूड इंडिगो’वर बार्नी बिगार्ड यांचे नाव मागाहून आले. वादक तालमीत तुकडा वाजवायचा, एलिंग्टन तो उचलून त्याची इमारत उभी करायचे. प्रत्येक रचना विशिष्ट माणसाच्या विशिष्ट आवाजासाठी लिहायची, ही त्यांची पद्धत. हॅरी कार्नी हा सॅक्सोफोनवादक १९२७ पासून १९७४ पर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. हे एकट्या प्रतिभेचे चित्र नव्हे; हे एका मोहल्ल्याचे चित्र आहे. धड्यांना मोहल्ला नको असतो, पुतळा हवा असतो. आपल्याकडेही चित्र वेगळे नाही. १९३५ नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय वादक आले, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली, आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. ‘अलबेला’ (१९५१) च्या गाण्यांत सी. रामचंद्रांच्या बरोबरीने चिक चॉकलेट यांची ट्रम्पेट आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांनी कितीतरी गाण्यांची वाद्यरचना केली. श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत कोण आहे ते आपण जाणतोच.

इथे एक इशारा आपल्याच बाजूला द्यायला हवा. एलिंग्टन यांना ओढून-ताणून बंडखोर बनवण्याचा मोह आपल्या कार्यकर्त्या शिक्षकांना होतो. तो टाळावा. हा माणूस रेशमी कपडे घालणारा, मोजके बोलणारा, गिऱ्हाईक न दुखावणारा होता. १९३० च्या दशकात दक्षिणेच्या दौऱ्यावर वाद्यवृंदासाठी रेल्वेचे स्वतंत्र डबे घेऊन त्यांनी हॉटेलांतला अपमान चुकवला. ही शालीन माघार होती असे म्हणा, स्वाभिमान होता असे म्हणा. काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणाऱ्या सभागृहांत ते वाजवत राहिले. म्हणून १९५१ साली रिचमंड शहरात एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या संघटनेने त्यांच्यावर बहिष्काराची हाक दिली आणि तो कार्यक्रम रद्द झाला. हे धड्यात नसते, कारण पुतळ्याला ते शोभत नाही. आपणही ते गाळले तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?

आणि तरीही १९४१ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘जंप फॉर जॉय’ या संगीतिकेतून त्यांनी ‘अंकल टॉम’ या लाचार प्रतिमेची टर उडवली. ऑगस्ट १९६३ मध्ये शिकागोला ‘माय पीपल’ केले. त्यात अलाबामातल्या लढ्यावर, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर गाणे होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकन सरकारने त्यांना सांस्कृतिक राजदूत म्हणून आशियात पाठवले. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब टाकून चार काळ्या मुली मारल्या गेल्या, तेव्हा हा दौरा सुरू होता. ज्या सरकारला आपल्या देशात काळ्या मुलींचे प्राण वाचवता येत नव्हते ते बाहेर काळ्या संगीतकाराला मिरवत होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता ही शहरे त्यांनी केली. मुंबईच्या श्रोत्यांत कामाठीपुऱ्यातून किंवा नायगावातून कोणी गेले असेल असे वाटत नाही. २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली आणि दौरा तुर्कस्तानात थांबला. त्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ (१९६७) ही तबकडी निघाली. भारतीय विद्यार्थ्यांना ती हमखास ऐकवली जाते, ‘पाहा, यात आग्रा आहे, दिल्ली आहे.’ दिल्लीच्या नावाची रचना एका साळुंकीच्या शिळेवरून सुचली, ती सुरेख आहे. पण त्याच तबकडीवरची ‘इस्फहान’ स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्याच्या आधीच वेगळ्या नावाने लिहिली होती, नाव मागून चिकटवले. पूर्वेचा ‘प्रभाव’ शोधणाऱ्या प्रश्नावलीला हे माहीत नसते.

गुणवत्तेचा जप करणाऱ्यांसाठी १९६५ सालची घटना पुरे. पुलित्झर पारितोषिकाच्या तीन तज्ज्ञ परीक्षकांनी त्या वर्षी एलिंग्टन यांच्या आयुष्यभराच्या कार्याला खास गौरव द्यावा अशी शिफारस केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली. त्या वर्षी संगीताचे पारितोषिकच दिले नाही. तिघांपैकी दोघा परीक्षकांनी राजीनामे दिले. सहासष्ट वर्षांचे एलिंग्टन हसून इतकेच म्हणाले की मी फार तरुणपणी प्रसिद्ध होऊ नये अशी नियतीची इच्छा दिसते. तोच गौरव १९९९ साली, जन्मशताब्दीला, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी दिला गेला. धड्यात १९९९ असते. ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवल्या गेल्याचे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी १९६५ आधी सांगतो.

शिकवण्याच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे की तयार धडा घेऊ नये, कच्चा माल घ्यावा. ध्वनिमुद्रण आधी ऐकवावे, चरित्र मागून. आणि प्रत्येक रचनेला सारखेच तीन-चार साधे प्रश्न विचारावेत: वाजवणारा कोण, ऐकणारा कोण, पैसे कोणाकडे गेले, नाव कोणाचे लागले. हे प्रश्न मराठीत विचारावेत. इंग्रजी विषयाचा तास असला तरी मराठीत विचारावेत, कारण इंग्रजीत विचारले की मुले पाठ केलेले ‘ग्रेट जीनियस’ उत्तर देतात. त्याच इंटरनेटवर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिलेले पत्र आहे. अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेब त्यात मागतात. डुबॉइस यांचे उत्तरही तिथे आहे. तीन वर्षांपूर्वीच ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ वाजले होते. पत्र वाचून झाल्यावर ते ‘कम संडे’ ऐकवले की वर्गातली शांतता वेगळी असते.

मात्र एका प्रश्नाला या सगळ्यातून उत्तर मिळत नाही, आणि तो गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारला. तिच्या आजोबांनी धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली तशी हलगीही सोडली. वाद्य खुंटीला राहिले, पुढे चामडे फाटले. “एलिंग्टनने क्लब सोडला नाही म्हणून तो एलिंग्टन झाला. मग आजोबांनी सोडले ते चुकले का?” चुकले नाही. ज्या वाद्याबरोबर पंगतीबाहेरची जागा ठरलेली होती ते टाकण्यात माणूसपणाचा पहिला उच्चार होता. एलिंग्टन यांना महिन्याचा पगार होता, रेडिओ होता, तबकडी होती. हलगीवाल्याला उष्टे होते. दोन्ही निर्णय एका तराजूत घालता येत नाहीत. पण जे वाजत होते ते काय होते, त्यातल्या कोणत्या चाली कोणी बांधल्या, हे आता कोणाला सांगता येणार? ती सध्या आपल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या जुन्या वाजंत्र्यांना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते आहे. तेच चार प्रश्न विचारते. सात जण भेटले. त्यातल्या दोघांनी वाजवायला नकार दिला, फक्त बोलले. तिने ते बोलणेही जपून ठेवले आहे.